सकाळच्या विमानातली एक जागा

११ नोव्हें., मंगळवार. शहापूर, भंडाऱ्याजवळ.
रात्रभर ड्यूटी, सकाळी सहाला मुंबईत उतरलो. ७:३५ चं नागपूर फुल. उरली फक्त जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली घडीची खुर्ची, घरी जाणाऱ्या आमच्यासारख्या पायलटांसाठी. गेटवर एक फर्स्ट ऑफिसर पोरगी आधीच उभी. प्रणाली. दोन वर्षांपूर्वी मी शिकवलेल्या ट्रेनिंग बॅचला होती. नियमाने आधी नाव लावेल त्याची सीट, म्हणजे तिची. रिवाजाने सीनियरची. मला पाहिलं आणि बाजूला झाली. मी विचारलं, "कुछ अर्जेंट तो नहीं?" "नो सर. आप जाइए, मैं दोपहर वाली से जाऊँगी." थँक्यू म्हटलं, आत जाऊन बसलो.
घरी येऊन चारपर्यंत झोपलो. बायको, वंदना, शाळेत शिकवून आली तेव्हा उठलो. बाकी काही नाही.

१२ नोव्हें.
सुटी. गाडी सर्व्हिसिंगला भंडाऱ्याला नेली. मेकॅनिकशी ब्रेकवरून वाद. त्याचंच बरोबर निघालं.

१३ नोव्हें., गुरुवार
वंदनाने चप्पल काढता काढताच सांगितलं. "आमच्या मेश्राम बाईच्या शेजारचे कापगते गेले, लाखनीचे. हायवेवर टायरचं दुकान होतं नं त्यांचं. पोरगी तुमच्याच कंपनीत पायलट आहे म्हणे. बिचारीले बापाचं तोंड नाही पाहाले भेटलं. मंगळवारी साडेबाराले जीव गेला भंडाऱ्याच्या दवाखान्यात, अन् थे चार वाजता पोचली."
पोरीचं नाव विचारलं. प्रणाली.
ताटावर बसलो आणि उठलो.
सकाळचं विमान ९:१० ला टेकलं होतं. नागपूरहून भंडारा, पावणेअकरा. पावणेदोन तास मिळाले असते तिला. तेवढा वेळ मी इथे पंख्याखाली घोरत होतो.
आणि लाखनीची! दोन वर्षांत कळलं नाही. युनिफॉर्म चढला की आमची हिंदी-इंग्रजी सुरू. "कोण्या गावची वो तू?" एवढं एकदा विचारलं असतं तर.

१४ नोव्हें.
आज तिचाच राग येतोय. तोंड होतं ना? बाप सीरियस आहे म्हणाली असती तर मी काय बसलो असतो?
संध्याकाळपर्यंत राग उतरला, कारण आठवलं. त्या बॅचला मीच सांगायचो, घरचं घरी ठेवायचं. सीट मागताना कारण सांगायचं नाही, ती भीक झाली. टाळ्या पडायच्या.
शिवाय तीही रात्रभर उडवून आलेली. बाप दवाखान्यात आहे म्हणाली असती तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग ड्यूटी कशी केलीस, फिट होतीस का? हा प्रश्न कोणी विचारला असता? मीच. तोही गेटवर, सगळ्यांसमोर.
शिकवलेलं पाळलं पोरीने. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१६ नोव्हें., रविवार
वंदनाला घेऊन लाखनीला भेटायला गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो. दुकानाचं शटर अर्धं खाली. घरात बायका बसलेल्या. प्रणालीच्या आईने मला खुर्ची द्यायला लावली. साहेब ना मी.
"तुम्ही इच्या कंपनीतले मोठे साहेब का जी? पोरगी तं काही बोलतच नाही. सकाळच्या इमानात एकही जागा नवती का, साहेब?"
प्रणाली पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी.
"नवती, माय," मी म्हणालो.
तोंडातून निघून गेलं. विचार करायला वेळच नव्हता, असं लिहिणार होतो. होता. तिने ग्लास माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आत गेली. आई म्हणाली, "मंग नशीबच म्हनाचं."
परतताना गाडीत वंदनाने विचारलं, "तुम्ही तं त्याच सकाळच्या विमानानं आलते नं?"
"हो."
"कुठं बसून?"
"जंपसीटवर."
घरी येऊन तिने आपलं जेवण वाढून घेतलं, माझं झाकून ठेवलं.

१९ नोव्हें. मुंबई.
क्रू रूममध्ये एका कॅप्टन मित्राला सांगितलं. म्हणाला, "तिने बोलायला हवं होतं यार, तुझा काय दोष?" तासभर बरं वाटलं. मग वाटलं, हे ऐकायलाच तर त्याला गाठलं होतं.
प्रणालीला मेसेज लिहिला. खोडला. परत लिहिला. सॉरीच्या पुढे काही सुचत नाही. सॉरी तर आम्ही विमान दहा मिनिटं लेट झालं तरी म्हणतो.

२४ नोव्हें.
काल तेरवी झाली. गेलो नाही. ड्यूटी होती. ड्यूटी मागून घेतली होती, इथे तरी खरं लिहावं.
वंदनाचा फोन. "मी जाऊन आली. प्रणालीची माय तुमची आठवण काढत होती. साहेब चांगले आहेत म्हणे, एवढ्या दुरून आले." आणि फोन ठेवला.

२ डिसें., मंगळवार. टॅक्सीत.
पुन्हा ७:३५ चं, पुन्हा फुल, पुन्हा एकच जंपसीट. या वेळी माझं नाव आधी. मागून प्रणाली आली. वाळली आहे. मी उठलो, म्हटलं, तू जा.
"तुमचं नाव आधी आहे, सर." पहिल्यांदाच मराठीत. मग विचारलं, "तुमचं काही अर्जंट आहे का?"
"नाही. माय एकटी आहे तुझी. जा तू."
"सीट नाही पाहिजे मले, सर. माय रोज विचारते, एवढ्या मोठ्या इमानात एक जागा कशी नवती म्हणून. मी काय सांगू? तुम्ही नवती म्हणून सांगून आलात. तुमचा शब्द खोटा पाडाले मले जमत नाही."
रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. सीनियरशी बोलावं तशीच बोलली, हळू. मीच शिकवलेलं.
गेटवाल्या मुलीने शेवटचं नाव पुकारलं. प्रणालीने बॅग ओढून बाजूला घेतली, मला वाट दिली.
"मी दुपारच्या विमानानं येते. माय आता दुकानातच बसते, दिवसभर."
गेलो. त्याच खुर्चीत बसलो. पट्टा दोनदा चुकला.
आता मौदा मागे पडलं. हायवेवर शहापूर आधी, लाखनी आणि ते दुकान पुढे. आमचा फाटा दिसायला लागलाय.
ड्रायव्हर विचारतोय, "शहापूरलेच उतरता नं, साहेब?"