आडवी डहाळी

रवि., १ नोव्हें. ६४
बाबांची पोस्टमनची नोकरी संपून चार महिने झाले, पाय मात्र थांबत नाहीत. म्हणून ठरलंय: एक रविवार मलकापूरचे बोळ, एक रविवार घाट. मला बाजार आणि शाळा सोडून गाव ठाऊक नाही, याची त्यांनाच लाज! आज पिंजाऱ्यांचा बोळ. समोरून माणूस आला की भिंतीला चिकटायचं. आत आणखी एक बोळ, मग एकदम अंगण आणि लिंबाचं झाड. "हे फक्त मले अन् बकऱ्यांले माहीत." आई गेल्यापासून एवढे हसले नव्हते.
भिंतीवरून हात फिरवत चालतात. सवय असेल.

शुक्र., ६
अमरावतीच्या शाळेचं मास्तरणीच्या नेमणुकीचं पत्र! १ डिसें.ला हजर व्हा. उडीच मारली, मग मटकन बसले. पत्र तांदळाच्या डब्याखाली. सांगितलं तर जा म्हणतील, आणि इथे एकटे... शेजारच्या खाला मावशीसारखा जीव लावतात, पण त्यांचंही वय झालंय.

रवि., ८
राजूर घाट. एस.टी.तून पायथ्याशी उतरून पाऊलवाट. बाबांची रीत: पुढच्यानं फाट्यावर, ज्या वाटेनं जायचं नाही तिच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकायची. मागच्याला हाक मारावी लागत नाही.
माझ्या टाचेत काटा मोडला, बाबा पुढे गेले. फाट्यावर डावी वाट बंद. मी उजवीनं गेले. ती नाल्यात उतरून संपली. हाका मारून घसा बसला. शेवटी परत येऊन डहाळी ओलांडली आणि डावीनं चढले. वर बाबा दगडावर बसलेले, चेहरा उतरलेला.
"डहाळी टाकली होती ना! दिसली नाई काऊन वं तुले?"
"लक्षच नव्हतं माझं."
बराच वेळ माझा खांदा धरून बसले.

सोम., ९
स्वतःच गेले ती वाट त्यांनी बंद केली. ज्यानं जन्मात एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, त्यानं. पायांना वाट पाठ आहे, डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवरचा हात. न वाचताच बाजूला ठेवलेला पेपर, "आज काई नाई त्यात." आणि मी एका घरात राहून आंधळी! चुलीपाशी रडून घेतलं. बाबांनी विचारलं तर धूर म्हणाले.

रवि., १५
बोळ. बाबा बोटांवर दारं मोजतात, आता दिसतं मला. एका ठिकाणी थांबले. "हे निळं दार पाह्य. इथली म्हातारी फौजेतल्या पोराच्या पत्रासाठी रोज उंबऱ्यावर बसे." तिथं दार नाही. विटांनी बुजवलंय.
"छान आहे निळं," म्हटलं.
पत्राचं आजही बोलले नाही.

रवि., २२
घाट नको म्हणत होते मी, ऐकतात कुठे! फाट्याच्या अलीकडे थांबले.
"आज तू पुढं जा. डहाळी तूच टाक."
मी चपलेतला खडा काढू लागले.
"त्या दिवशी चालायची वाट मीच बंद केली ना?"
"बाबा..."
"अन् अमरावतीचा कागद. पोष्टातलं मले कळत नाई का? पंधरा दिवस झाले, तू सांगशील म्हणून थांबून राह्यलो."
मला जायचंच नाही म्हणून ओरडले. त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते.
"चाल, ऊन चढून राह्यलं."
पळसाची डहाळी तोडली. उजव्या वाटेवर टाकली, डावीनं वर गेले, वळणावर थांबून पाहिलं. बाबा फाट्यावर खाली बसले. माती चाचपली, दगड चाचपले. मला धावत खाली जावंसं वाटत होतं. डहाळी हाताला लागली. पानांवरून हात फिरवला, उठून डावीकडे पाऊल टाकलं. मग वर तोंड करून ओरडले,
"दिसली वं! दिसली!"
"या!" म्हटलं.
अमरावतीला उत्तर अजून लिहिलेलं नाही.