नत्थूने पाठवलंय

१० जून १९५७
आले एकदाची भिलाईला! दुर्गहून जीपने येताना केसांत, दातांत, पोळीच्या डब्यातसुद्धा लाल माती. डॉक्टर होऊन पोलाद कारखाना बांधणाऱ्या मजुरांच्या कॅम्पात जातेस म्हणून रायपूरला घरच्यांनी नाकं मुरडली होती. मला मात्र ठेकेदाराचा हा पत्र्याचा दवाखाना बघताक्षणी आवडला. दोन खोल्या, एक टेबल, स्टोव्ह, त्यावर सुया उकळायचं भांडं आणि कंपाउंडर नरहरी. पन्नाशीचे आहेत. मला बाईसाहेब म्हणतात आणि माझं अक्षर वाईट आहे हे त्यांनी पहिल्या तासातच सांगून टाकलं. जमेल आमचं.

१९ जून
साथीचा ताप इथेही पोचला. भंडाऱ्याकडच्या मजुरांच्या एकेका झोपडीत चार-पाचजण पडलेत. या तापावर औषध नाही. विश्रांती, पेज आणि भरपूर पाणी. हे सांगितलं की लोक असे बघतात, जणू मी औषध दडवून ठेवलंय. सगळ्यांना सुई हवी, तीही लाल. शक्तीचं एक लाल इंजेक्शन आमच्याकडे आहे, अशक्त बाळंतिणींसाठी. तापाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मुकादमाने परस्पर ठरवून टाकलंय की सुई घेतलेला माणूस बरा. दंडावर चिकटवलेला कापूस दाखवला की हजेरी लागते. मी त्याला बोलावून चांगला झाडला. तो नुसता हसला.

२४ जून
कौशल्या नावाची रेजा, म्हणजे घमेली वाहणारी मजूरबाई, तीन दिवस आमच्या पायरीवर बसून आहे. नवरा नत्थू तापाने फणफणलाय. आज तिने माझे पाय धरले. "तुमच्याजवळ हाय, तरी देऊन नाही राहिल्या. कावून बाई?" मी तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा सुई दिली. तिचं रडणं थांबावं म्हणून दिली, हे इथे तरी खरं लिहिते. आठ दिवस उठायचं नाही असं नत्थूला बजावलं. तो दंडावरच्या कापसाकडे बघून लाजत हसला. वरचा एक दात तुटका आहे त्याचा.

२६ जून
नत्थू गेला. सुई झालीय, आता चला, म्हणून काल सकाळी कौशल्यानेच त्याला उठवून धाडलं होतं. भट्टीच्या पायाच्या खड्ड्यात घमेलं डोक्यावर घेऊन चालता चालता खाली बसला, तो उठलाच नाही. न्यूमोनिया. कापूस दंडाला तसाच होता. बाई, तुम्ही तर सारं केलं, असं कौशल्या मला म्हणाली. मला खरं सांगवलं नाही. खरं सांगायचं म्हणजे तूच त्याला मरायला पाठवलंस असं सांगायचं. फार वाईट वाटतंय. आज जेवण गेलं नाही.

१ जुलै
जवळच्या सुपेला वस्तीतून चौघे मजूर आले, लाल सुई मागत. कुणी सांगितलं म्हणून विचारलं. नत्थूने पाठवलंय, म्हणाले. कधी? तर काल. दुसरा कोणी नत्थू असेल म्हटलं. पण तुटका दात त्यांनी सांगितला, कापूसही सांगितला. मी तर बरा झालो, असं तो सगळ्यांना सांगत फिरतोय म्हणे. नरहरींनी हातातली बाटली खाली ठेवली. मी सुई दिली नाही.

४ जुलै
नरहरींनी त्या चौघांना मागच्या दाराने सुई दिली होती. भीतीपोटी. आज कबूल केलं. चौघे कामावर गेले आणि काल चौघेही दगावले.
दुपारी मरोदा वस्तीतून अकराजण आले. त्यांना सुपेल्याच्या चौघांनी पाठवलंय. आज सकाळी.

६ जुलै
त्याला पाहिलं. सकाळी दहाला, लख्ख उन्हात. रांगेत सगळ्यांत शेवटी. येईल त्याला आपल्या पुढे जागा देत होता. मला हात जोडले. रागावलेला असता तर बरं झालं असतं. त्याला माझे उपकार वाटतात.

८ जुलै
लाल इंजेक्शनं सगळी फोडली. एकही ठेवलं नाही. नरहरी गावी गेले. परत येतील असं वाटत नाही. मलाही ताप — थोडाच.

९ जुलै
कौशल्या आलीय. तापाने डोळे लाल. नत्थूने तिला धरलंय. ती हसतेय. "याहिले केलं तसं मलेबी बरं करा बाई. उद्या दोघं संगंच कामावर जातो."
सांगितलं. सगळं. सुईत काही नव्हतं, तुझं रडणं मला बघवेना म्हणून दिली.
ती ऐकत राहिली. मग त्याच्याकडे वळून हळूच — "मंग मीच तुमाले मराले धाडलं का जी?"
तो हसायचा थांबला. माझ्याकडे बघून मान हलवतोय. नाही, नाही. हात जोडतोय. मी खोटं बोलावं म्हणून —

आत येऊन लिहितेय. दोघं पायरीवरच आहेत. स्टोव्ह मी पेटवला नव्हता. भांड्यात पाणी उकळतंय. टेबलावर एक लाल — मी सगळी फोडली होती —
ती बाहेरून विचारतेय, सुई खरी होती ना बाई. पुन्हा पुन्हा तेच. रडतेय. मला तिचं रडणं —
दिली तर उद्या कामावर जाईल. नाही दिली तर तिला कळेल की तिनेच —
दारात आलीय. दंड पुढे केलाय. त्याने तिचा हात धरलाय, किती हळुवार, आणि माझ्याकडे —
हो म्हटलं मी. खरी होती म्हटलं. ती आता म्हणतेय, तर मग मलाही —