न्हाणीची खिडकी आणि बारा इंची पंखा

१ जानेवारी १९७८, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प : न्हाणीत एक्झॉस्ट फॅन बसवणे. मुदत पंधरा दिवस. सौ. रत्नम्मा पहाटे बंब पेटवते तेव्हा धूर आतच कोंडतो. आज तिच्या खोकल्यानेच जाग आली. न्हाणीची खिडकी मीच बुजवली हे खरं, पण त्याला कारण होतं. इथं लिहायची गरज नाही.

३ जानेवारी
लिहूनच टाकतो. रोजनिशी माझीच आहे.
अंघोळ करताना मी साहेबांशी बोलतो. साहेब तिथे नसतात. ऑफिसात जे बोलायचं राहून जातं ते मी न्हाणीत बोलतो. 'साहेब, तीन वर्षं माझं प्रमोशन अडवलंय, आता मी ऐकून घेणार नाही' वगैरे. खिडकीपलीकडे काशम्माचं अंगण. ती तिथे शेंगांची चटणी कुटते आणि विकते. गेल्या गणपतीत तिने भर गल्लीत मला विचारलं, की साहेबाला सांगितलं का न्हाई अजून? सगळी गल्ली हसली.
रत्नम्मा तेव्हा माहेरी, अक्कलकोटला. पुढच्याच रविवारी विटा आणल्या आणि खिडकी बुजवली. गवंडी लावला नाही, स्वतःच्या हाताने केलं. काम एकदम पक्कं.
रत्नम्मा आली, भिंतीकडे बघत राहिली. त्या खिडकीतून ती आणि काशम्मा रोज कानडीत बोलायच्या, हे माझ्या लक्षात नव्हतं. म्हणजे होतं.

८ जानेवारी, रविवार
पंख्याच्या दुकानात गेलो. नऊ इंची की बारा इंची? घरी येऊन माप घेतलं. सहा गुणिले पाच गुणिले आठ, दोनशे चाळीस घनफूट. विषय वाटतो तेवढा सोपा नाही, अभ्यास लागेल.
दुकानदाराने विचारलं, हवा कुठल्या बाजूला फेकणार? बघू म्हणालो. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसरीकडे देवघर, तिसरीकडे शेजारच्या चनबसप्पाची झोपायची खोली. राहिलं काशम्माचं अंगण. म्हणजे तिला विचारावं लागणार. त्याआधी खिडकीबद्दल काहीतरी बोलावं लागणार.
नऊ इंचीचा नीट विचार व्हायला हवा.

१५ जानेवारी, सायं. ७
मुदत संपली. माझा दोष नाही. सिद्धेश्वराची यात्रा चालू, गवंडी कुठून मिळणार? मी स्वतः गड्ड्यावर, यात्रेच्या मैदानात गेलो, तिथल्या दुकानांत पंख्यांची तुलना करता येईल म्हणून. पंखे नव्हते. भजी खाल्ली. रत्नम्माला बांगड्या आणल्या. तिने लगेच भरल्या, मग खोकली. बांगड्या वाजल्या. फार वाईट वाटलं.

२२ जानेवारी, रविवार
काशम्माला काय सांगायचं याची अंघोळीत तयारी केली. 'काशम्मा, माझं चुकलं. रागाच्या भरात बायकोची खिडकी बुजवली. आता तिचा खोकला बघवत नाही. पंख्याचा धूर तुमच्या अंगणात येईल, तेवढं पदरात घ्या.' पाच वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा तर डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचंही असेल.
गेलो नाही. ती चटणी कुटत होती. कष्टाच्या माणसाला कामात अडवू नये.

२ फेब्रुवारी
ताटात काशम्माच्या हातची चटणी. कुठून आली विचारलं. आली, म्हणाली रत्नम्मा. मी जास्त चौकशी केली नाही.

५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी रत्नम्मा न्हाणीत चक्कर येऊन पडली. उचलून ओट्यावर आणली. केवढी हलकी झालीय. डॉक्टर म्हणाले, धूर कोंडतोय, खिडकी उघडा. मी त्यांना नऊ इंची आणि बारा इंचीतला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, खिडकी उघडा.
मी वाईट माणूस आहे. जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी
अर्ध्या दिवसाची रजा काढली. साहेब कामात होते, चिठ्ठी टेबलावर ठेवली. बारा इंची घेतला. रत्नम्मा म्हणाली, लई झाला की अभ्यास, आधी भिंतीला भोक तरी पाडा.

१२ फेब्रुवारी, रविवार
ज्ञानबा गवंडी आला. छिन्नी लावली, मग खाली ठेवली आणि मधली एक वीट नुसत्या हाताने काढली. कोण बांधलं हे, असं त्याने विचारलं. मी वीट हातात घेतली.
विटेच्या कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. रत्नम्मा पायाच्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, दिवाळीपासून काढतेय. तुम्ही ऑफिसला गेलात की काढायची, यायच्या आत लावायची.
तेवढ्यात भोकातून काशम्माचा डोळा दिसला. म्हणाली, वीट सैल हाय, तुमची माफी मला पोचली की. पाच वेळा पोचली, तिसरी लई चांगली होती. धूर येऊ द्या, मी जन्मभर चुलीपुढंच हाय. पण तितं पंखा नको, आमी बोलायचं कुटून?
मग विचारलं, साहेबाला सांगितलं का?
मी रत्नम्माला ज्ञानबासाठी चहा टाकायला सांगितलं.

१९ फेब्रुवारी, रविवार
खिडकी पुरी उघडली. खोकला चार दिवसांत थांबला. पंखा खोक्यात, खाटेखाली. दुकानदार परत घेत नाही.
काशम्माने माफी चोरून ऐकली, मी मागितली नाही. हे बरोबर नाही. म्हणून आज अंघोळीला बसलो आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, माझं चुकलं, पाच महिने धुरात ठेवलं, मला माफ करा.
पलीकडून काही नाही. स्वयंपाकघरातून रत्नम्मा म्हणाली, काशम्मा सकाळीच बाजारात गेलीय.
मग तिने विचारलं, मला म्हणालात का?
मी व्हय म्हणालो.
ती म्हणाली, मग बाहेर येऊन म्हणा.
मी आणखी एक बादली पाणी घेतलं.