अत्यंत समाधानी प्रवासी मिळेनात

मुरबाड,
रविवार, दुपार

आदरणीय धर्मामामा यांस,

भाच्याचा, म्हणजे महेंद्रचा, सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? रत्नप्रभामामीचा खोकला थांबला का? टोकावड्याला शेतातले वाल निघाले असतील. इकडे प्रियांका आणि मुलगी खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. (खरं म्हणजे हे पत्र मी पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून लिहितो आहे. अक्षरावर डाग दिसला तर अश्रू समजू नका.)

कारखान्यातलं काम सुटल्यावर मी तीन महिने घरात होतो, हे तुम्हाला माहीत आहे. (मामीला जास्त माहीत आहे, कारण ती दर रविवारी फोन करून प्रियांकाला विचारायची.) आता एका खासगी कंपनीने मला दहा दिवसांसाठी घेतलं आहे. काम सांगायला सोपं आहे. मुंबईतल्या एका बसस्टॉपवर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, की बाबा, या शहरातल्या बसबद्दल तुला काय वाटतं. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, एकवीस प्रश्न आणि दिवसाला तीस माणसं. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं दिलेली आहेत: अत्यंत समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अत्यंत असमाधानी. दहा दिवस नीट पार पडले तर कल्याणच्या ऑफिसात कायमचं बसायला मिळेल, असं आमच्या सुपरवायझर अपेक्षा मॅडम म्हणाल्या. मामा, मी ‘कायमचं’ हा शब्द नंतर ऐकला, ‘बसायला’ हा आधी ऐकला, आणि हो म्हणून टाकलं. सकाळी पहिल्या एसटीने कल्याण गाठतो, तिथून पुढे लोकल. त्या लोकलबद्दल मी काही लिहीत नाही, सगळ्यांचं लिहून झालेलं आहे.

पहिल्याच दिवशी मला या धंद्यातली अडचण समजली. बस वेळेवर आली तर माणूस सहाव्या प्रश्नाला पळतो. ‘बस वेळेवर येते का’ असा तो सहावा प्रश्न. तिकडून बस येते, माणूस ‘येते की!’ असं ओरडत दाराला लटकतो, आणि माझा फॉर्म अर्धा राहतो. अर्धा फॉर्म धरत नाहीत. बस आली नाही तर माणसाकडे भरपूर वेळ असतो, पण तोवर तो इतका तापलेला असतो, की एकविसाच्या एकवीस प्रश्नांना ‘अत्यंत असमाधानी’ म्हणतो. (अठरावा प्रश्न ‘आपलं शिक्षण किती’ असा आहे. त्यालाही.) एका बाईंनी मला बसचाच माणूस समजून अर्धा तास झापलं, आणि शेवटी दमून मलाच प्यायला पाणी दिलं. एका गृहस्थांनी बसमध्ये विसरलेली छत्री माझ्याकडे मागितली. मी देऊ शकलो नाही, तेव्हा त्यांनी माझा नंबर घेतला. ते रोज फोन करतात.

तिसऱ्या दिवशी अपेक्षा मॅडमचा फोन आला. तुमच्याकडचे सगळेच असमाधानी कसे, थोडे समाधानीही आणा, असं म्हणाल्या. (मॅडम तेवीस वर्षांच्या आहेत आणि त्यांचा आवाज माझ्याहून थकलेला आहे.) मी म्हटलं, मॅडम, समाधानी माणूस स्टॉपवर सापडत नाही, तो बसमध्ये असतो. मग मी बसमध्ये चढलो. तिथे कंडक्टरने प्रत्येक फेरीला माझ्याकडून तिकीट घेतलं, आणि ज्यांना बसायला जागा मिळाली होती ते सगळे समाधानी लोक झोपलेले होते. झोपलेल्याला उठवून विचारलं की तो समाधानी राहत नाही.

चौथ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मला देवकीआजी भेटली. सत्तरीची असेल. स्टॉपच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी प्रश्न विचारायला लागलो, तर माझ्या तोंडून एक ‘नाय’ निघून गेला, आणि तिने माझा हातच धरला.

“कुठला रे तू?”

“मुरबाडचा.”

“अगो बाय! आमी खर्डीचं. पन्नास वर्सं झाली इकडं येऊन. बस, बस हितं.”

मी बसलो. (चार दिवसांत पहिल्यांदा.) ती दोनशे चौदा नंबरच्या बसची वाट बघत होती. तिची मुलगी सरिता दुसऱ्या टोकाला राहते, आणि दोनशे चौदा थेट तिच्या दारात सोडायची. मी टॅबवर पाहिलं, तर ती बस चार महिन्यांपूर्वीच बंद झालेली. स्टॉपच्या पाटीवर मात्र नंबर तसाच होता. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लोक सांगतात तसं, पण पाटी हाय नं. पाटी हाय म्हंजे येल कधीतरी. म्हणून ती दर गुरुवारी यायची, तासभर बसायची आणि परत घरी जायची. दुसरी वाट होती, पण दोन बस बदलायच्या आणि मधे मोठा रस्ता ओलांडायला पूल चढायचा. पुलाला पंचावन्न पायऱ्या आहेत. आजीने त्या खालून मोजल्या होत्या.

तुम्ही मला ओळखता, मामा. मी काही मोठ्या मनाचा माणूस नाही. घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि माझे चारच फॉर्म झाले होते. मी उठलो, दोन माणसांना गाठलं, दोघांनी हात झटकले. परत वळून पाहिलं तर आजी वाकून रस्त्याकडे बघत होती, येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर पुटपुटत. मी टॅब पिशवीत टाकला आणि म्हटलं, चल आजी.

पहिली बस मिळाली. पुलाशी आलो. पंचावन्न पायऱ्या आम्ही पाच मुक्कामांत चढलो, आणि प्रत्येक मुक्कामाला आजीने मला खर्डीच्या एकेका घराची भानगड सांगितली. दुसऱ्या बसला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मला कोणी एकवीस प्रश्न विचारले असते, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मामीसमोर वाचण्यासारखं नाही. दोन वाजता आम्ही सरिताताईच्या दारात पोचलो.

ताईने दार उघडलं आणि आईला बघून आत घ्यायच्या आधीच भांडायला लागली. “चार महिने फोनवर एकच, बस नाय, बस नाय! मला वाटलं रुसलीस. म्हटलं, तिला यायचं नसेल तर मीपण नाय जात!”

आजी पायरीवर उभी राहून म्हणाली, “अगो, बस नाय म्हंजे बसच नाय. त्यात रुसायचं काय?”

मग दोघी रडल्या. मी चपला काढाव्यात की नाही या विचारात बाहेर उभा राहिलो. नंतर ताईने मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि यापुढे दर गुरुवारी मीच तुला न्यायला येईन, असं आईला बजावलं. निघताना माझं काम आठवलं. एकविसावा प्रश्न विचारला, की एकूण सेवेबद्दल तुम्हाला काय वाटतं.

“बसचा राग नाय रे,” आजी म्हणाली. “बंद केली तर केली. पाटी काढायची व्हती. मी उगा वाट नसती बघितली.”

पाचही उत्तरांत हे कुठेच बसेना. ‘इतर’ म्हणून एक चौकट आहे, त्यात चाळीस अक्षरं मावतात. मी ‘पाटी काढा’ एवढंच लिहिलं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, की ‘पाटी काढा’ म्हणजे काय? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझी आई डोंबिवलीला असते, मीपण गेले नाहीये बरेच दिवस. आणि लगेच, बाकीचे फॉर्म द्या.

तर मामा, त्या दिवशीचे तीसही फॉर्म मी वेळेत दिले. मनावर घेतलं की होतं. मामीला जयभीम, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल.

तुमचा भाचा,
महेंद्र

ता.क. : हे पत्र पोस्टाने न पाठवता टोकावड्याच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर देतो आहे, कारण घाई आहे आणि फोनवर हे बोलायला जीभ रेटत नाही. त्या गुरुवारी मला पंचवीस माणसं कमी पडत होती. माझ्या मोबाइलमध्ये नंबर भरपूर होते. कंपनी या आठवड्यात फोन करून खात्री करून घेणार आहे, हे मला शुक्रवारी कळलं. फोन चालू ठेवा. तुम्ही बँकेत नोकरीला आहात आणि रोज बसने जाता.

आ.ता.क. : मामी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. हे तिला तुम्ही सांगा, मला धीर होत नाही. खोकला आला तर आवर म्हणावं.

आ.आ.ता.क. : ज्या घोंगडीवाल्याकडून म्हशाच्या जत्रेत आपण घोंगडी घेतली, तोही अत्यंत समाधानी आहे. तो टोकावड्याला आला तर त्याच्या कानावर घाला. आणि मामा, सहाव्या प्रश्नाला, बस वेळेवर येते का असं विचारतील तेव्हा, एसटीची वाट बघताना जे बोलता ते कृपा करून बोलू नका. नुसतं ‘हो’ म्हणा आणि फोन ठेवा.