बुधवारी शेजारी बसणारा माणूस

१ नोव्हेंबर, शनिवार
ऋतुजाचा शेवटचा इशारा. (इथं ऋ. लिहीन, आई वही चाळते.) रंकाळ्यावर, भेळ अर्धी टाकून, "आता पिलास तर माझ्याकडं यायचं न्हाय." परवा तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला जरा तराट होतो, केकवर पडलो. पडतो माणूस. त्यात काय एवढं?
फोनवर पत्ता पाठवला. मंगळवार पेठेतली शाळा, दर बुधवारी दारू सोडणाऱ्यांची मिटिंग. तुला कुणी दिला म्हटलं तर, "जा म्हटलं की जा."
मी काय दारुडा आहे? रोज पितो म्हणून कुणी दारुडा होत नसतो.

५ नोव्हेंबर, बुधवार
गेलतो. तिसरीचा वर्ग. बाकात गुडघे मावत नाहीत. सगळी बापाच्या वयाची माणसं, चहा फुंकत बसलेली. चालवणारे काका पूर्वी एस.टी.त ड्रायव्हर. "पावणं, आडनाव सांगायचं न्हाय. आणि इथलं ऐकलेलं दाराबाहेर न्यायचं न्हाय. एवढाच कायदा." आल्या आल्या कायदा.
मग शेजारी कोण येऊन बसावं? ऋ. चा बाप. उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप असलेला आप्पा. दिवाळीत यानंच मला दारातून हाकललं, "कॉलेज अर्धवट, काम न्हाय, तोंडाला वास, आणि पोरगी मागतोय!"
तो उठून म्हणतो, "मी आप्पा. मी दारुडा हाय." सगळे एका सुरात, "नमस्कार आप्पा."
आधी घाम फुटला. मग हसू. मग जो राग आला... मला वास मारतो म्हणणारा हा!
चहा पुढं केला त्यानं. घेतला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
परत गेलो. त्याच्याच नाकावर टिच्चून. आठवडाभर थेंब नाही. झोप नाही, आईवर दोनदा ओरडलो.
आज आप्पा बोलला. दारूत बायकोचा हात मोडलेला यानं. तिनं शिरोळला माहेरी सांगितलं, बाथरूममध्ये पडले. ऋ. तेव्हा लहान, दारामागं उभी. बोलता बोलता रडला. चारचौघांत. मला बघवेना.
चहाच्या वेळी गाठला. "मी पण सोडली. आता तरी हो म्हणा."
"आठवड्यात सुटली व्हय? लेका, मी काय होतो ते मला ठावं हाय. म्हणून तर माझ्यासारख्याला पोरगी देणार न्हाय. तू मात्र बुधवारी येत जा. चुकू नको."
म्हणजे बाकावर चालतो, घरात चालत नाही. थेरडं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आईनं बातमी आणली. उद्या ऋ. ला बघायला पुण्याचे पाहुणे.
सरळ उद्यमनगर. पिलो नव्हतो, हे लिहून ठेवतो. लेथ चालू, कामगार, एक गिऱ्हाईक.
"पाहुणे बोलावलासा म्हणे?"
"गप घरी जा, सूरज."
"का जाऊ? पाहुण्यांना सांगितलासा काय, बुधवारी दारुड्यांत बसताय ते? माझ्याच बाकावर?"
कुणीतरी लेथ बंद केलं. गिऱ्हाईक भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलं. आप्पा चिंधीनं हात पुसत राहिले. ऑइल निघालं तरी पुसतच होते.
मारतील वाटलेलं. मारायला पाहिजे होतं. मीही एक ठेवून दिली असती.

१६ नोव्हेंबर, रविवार
ऋ. चा फोन.
"पत्ता कुणाकडनं मिळाला वाटलं तुला? आप्पांकडनंच. मुद्दाम पाठवलं तुला तिथं. म्हटलं, त्यांच्या डोळ्यासमोर सुधारशील, त्यांचं मन बदलंल."
"मग तेव्हाच सांगायचं होतंस की!"
"ते माझं सांगायचं नव्हतं. तुझं तर मुळीच न्हाय."
पाहुण्यांना तिनं शुक्रवारीच नको म्हणून कळवलेलं. शुक्रवारी. म्हणजे मी शनिवारी जे...
ब्लॉक केलं मला.
फोन भिंतीवर मारला. काच गेली, फोन चालू. साला तो पण मरत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
वही घरी, फोनातच लिहितोय. मिटिंगला गेलो. माफीबिफी मागायला नाही. भांडायला असेल. माहीत नाही.
आप्पा नाहीत. काका म्हणाले, "आप्पा कधी चुकत न्हाईत. फोन पण बंद." मग सगळ्यांकडं बघता बघता माझ्यावर थांबले. सांगून टाकलं, उभ्या उभ्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. काका एवढंच, "गाडी काढ. त्यांची प्यायची जुनी ठिकाणं मला ठावी हाईत."
शाहूपुरीतली परमिट रूम. बाहेर आप्पांची स्कूटर.
"तू आत यायचं न्हाय. आलास तर दोघांना वढून काढावं लागंल." काका आत गेले. बराच वेळ झाला. दार उघडलं की वास येतो. तोंडाला पाणी सुटतंय. थू माझ्या तोंडावर.
आत्ताच मेसेज. ऋ., तिच्या आईच्या नंबरवरून. "आप्पा आलेत काय तिथं? हो की नाही तेवढंच सांग. बाकी एक शब्द नको."
वाचलंय हे तिला दिसलं असणार. तिकडं लिहायचं सोडून मी इथं लिहीत बसलोय. काका अजून आतच. पुरे, आधी तिला लिहितो.