मामंजींपुरता आवाज

मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)
१२ जानेवारी १९९२

चि. हरिहर यास, कलाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. घरात शांतता मात्र नाही. कानाचं यंत्र लावूनही मामंजींना टीव्हीतलं बोलणं कळत नाही, म्हणून ते आवाज पार वाढवतात. खालच्या बिऱ्हाडाने तक्रार केली. परवा ह्यांनी टीव्ही बंदच केला आणि मामंजींना ऐकू जावं म्हणून ओरडून समजावलं. तेव्हापासून मामंजी त्या खोलीत बसत नाहीत. अरे, तू वागळे इस्टेटीत टीव्हीच बनवतोस ना? मग फक्त त्यांच्या कानात आवाज जाईल असा सेट काढा की! इंजिनियर भाऊ काय नुसता मिरवायला?

लोभ आहेच, उत्तरातून दिसू दे.
तुझी कलाताई

नौपाडा, ठाणे
२० जानेवारी १९९२

ती. सौ. कलाताईस, हरिहरचा सा. न. वि. वि.

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. बिनतारी हेडफोन परदेशात केव्हाच निघालेत. एका प्रदर्शनात मी लावूनही पाहिला. आपल्या सेटला तो चालेल अशी सोय करा, असं मी दर मीटिंगमध्ये सांगतो. विक्रीवाले म्हणतात, गिऱ्हाईक रिमोट मागतं, हे कोण मागतंय? ज्याने पाहिलंच नाही तो मागणार कसा, असं विचारलं तर सगळे हसले आणि चहा आला. यंदा तर साध्या हेडफोनची पिनही लावता येणार नाही. खर्च वाचावा म्हणून ती सोयसुद्धा काढली. मामंजींना जरा धीर धरायला सांग.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा हरिहर

डोंबिवली
२ फेब्रुवारी १९९२

चि. हरिहर यास, आशीर्वाद.

धीर संपला. मामंजींनी ट्रंक भरलीय. राजापूरकडच्या घरी एकटेच राहणार म्हणतात; एस्टीचं तिकीटही आणलंय. ह्या घरात माझ्याशी सगळे रागानेच बोलतात, असं म्हणाले. ह्यांनी बोलावं तरी कसं? हळू बोललं तर पोचत नाही, ओरडलं तर राग वाटतो. तुमची कंपनी सुधारेल तेव्हा सुधारेल. तू ह्या रविवारी ये.

वाट पाहते.
कलाताई

डोंबिवली
१६ फेब्रुवारी १९९२

चि. हरिहररावांस, विठ्ठलरावांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही आमचा टीव्ही उघडलात तेव्हा वाटलं, होता तोही गेला. मग खोलीच्या कडेकडेने तार फिरवलीत, अँप्लिफायरला जोडलीत आणि माझ्या यंत्राचं बटण ‘टी’वर सरकवलंत, म्हणजे म्हणे यंत्र त्या तारेतूनच आवाज घेतं. बातम्या थेट कानात! आवाज कमी करा म्हणून मी खुणावलं, तर सूनबाई हसत सुटली. टीव्ही जवळजवळ मुकाच होता म्हणे. कंपनीत हे दाखवूनही तुमचे साहेब नाहीच म्हणाले, असं कळलं. वाईट वाटून घेऊ नका, सांगत राहा.

निघताना तुम्ही आमच्या पंढरीच्या हातात त्याच अँप्लिफायरला जोडलेला माइक दिलात. तुम्ही गेल्यावर तो खाली मान घालून त्यात बोलला. बाबा, गावी जाऊ नका, एवढंच. कित्येक वर्षांत त्याचा न ओरडलेला आवाज मी ऐकला नव्हता. माझा मुलगा इतका हळू बोलतो, हे मी विसरूनच गेलो होतो. ट्रंक रिकामी केली.

घर तुमचंच आहे, येत जा.
विठ्ठलराव