छत्तिसाव्या वर्षीचा प्रवेश

तोंग्योंग, मंगळवार

प्रिय बो-मी,

नात झाल्यापासून मी तुला 'दान-बीची आई' अशीच हाक मारत आले. आज नावाने लिहायला घेतलं तर हात अडखळला. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. माझी तब्येत बरी आहे, गुडघा दुखतो तेवढाच. फोन केला असता, पण फोनवर तू "हो आई, बरं आई" म्हणतेस आणि मी "जेवलीस का" विचारून ठेवून देते. तुझ्या आणि इन-सोपच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आपलं दोघींचं बोलणं त्याच्या पुढे फारसं गेलं नाही. आज जायला हवं आहे.

इकडे उकाडा फार आहे. दुकान पहाटे उघडते आणि ऊन चढायच्या आत बंद करते. या दिवसांत लोकांना काकडीची किमची आणि गार सूप सोडून काही नको असतं, त्यामुळे कामही कमी. हात रिकामे असले की डोकं चालू होतं. गेले दोन दिवस मी नवीन वर्षाच्या सणाचाच विचार करतेय. आपण स्वयंपाकघरात जमिनीवर बसून माशाचे काप तळत होतो. तू पीठ लावत होतीस, मी तव्यावर होते. तेव्हा तू मला पहिल्यांदा सांगितलंस की संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फायनान्सची पदवी घ्यायची आहे. तुझे साहेब काय म्हणाले तेही सांगितलंस. "बो-मी, काम तुझं चोख आहे, पण जपानी भाषेच्या पदवीवर या खुर्चीच्या पुढे जाता येत नाही." विम्याच्या दाव्यांचे अहवाल तू लिहायचे आणि खाली सही तुझ्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या पोराची, हे सांगताना तुझा आवाज जराही चढला नाही. मग पिठाच्या बोटांनीच तू परातीच्या कडेवर हिशेब मांडलास. फी एवढी, पगार एवढा वाढेल, चार वर्षांत वसूल.

इन-सोप दारात उभा होता. तो म्हणाला, "हिशेबात वय धरलंस का? अडतिसाव्या वर्षी नवशिक्या म्हणून कोण घेणार तुला?" त्याची बहीण हसली, जावई हसले. मीही हसले असेन. तूही हसलीस. पण त्यानंतर तू पीठ लावून दिलेला प्रत्येक काप तव्यावर फुटत होता, कारण तू तो हातात घट्ट दाबत होतीस. तेव्हा मी बोलले नाही. सणाच्या दिवशी कशाला, असं मनात आलं.

तुला इन-सोपच्या पदवीबद्दल सांगायचं आहे. तू त्याला भेटलीस तेव्हा तो कोट घालून मोठ्या कंपनीत जाणारा माणूस होता. त्याला फायनान्सच्या पदवीला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडावर त्याच्या नावाचा कापडी फलक लागला होता. त्याचे वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, माझं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. दोघांचं मिळून भागलं. भागलं एवढंच म्हणते, आम्ही उपकार केले नाहीत. पुढे त्याला शेअर खरेदी-विक्रीच्या कंपनीत नोकरी लागली. सणाला तो बाजारात आला की बायका कामं टाकून यायच्या. "आमचा इन-सोप" म्हणायच्या. बँकेतल्या माणसाला काय कळतंय, आपल्या पोराला विचारू, असं म्हणून पैसे कुठे ठेवावे ते त्याला विचारायच्या.

सुक्या मासळीवाल्या योमबाईंनीही विचारलं. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम त्यांनी त्याच्या सांगण्यावरून एका फंडात घातली. तो फंड बुडाला. त्याने फसवलं नव्हतं. "धोका असतो हे कागदावर लिहिलेलं होतं आई," असं तो मला म्हणाला, आणि लिहिलेलं होतंच. पण योमबाईंना वाचता कुठे येतं? त्यांनी सही केली ती माझ्या मुलाच्या तोंडाकडे बघून. त्या भांडायला आल्या नाहीत. फक्त तीस वर्षं माझ्याकडून कमळकाकडी नेणारी ती बाई आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन घेते. समोरून आल्या तर मान हलवतात. तेव्हापासून इन-सोप गावी आला की मागच्या गल्लीने घरी येतो. तुला त्याने हे सांगितलं आहे की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं नसावं.

शनिवारी तो एकटाच आला, वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढायला. इतक्या लवकर कशाला, पुढच्या महिन्यात सणाला सगळेच येणार आहात, असं मी म्हटलं, पण तो विळा घेऊन टेकडीवर गेला. मी मागून भात घेऊन गेले. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. बारीक झाला आहे तो. खाली बसला आणि न विचारताच बोलायला लागला. "आई, आमच्याकडे यंदा परत माणसं कमी करणार आहेत. ज्यांना काढतील त्या सगळ्यांकडे हीच पदवी आहे. आणि ही बया ती आता विकत घ्यायला निघाली आहे. भाड्याच्या घराच्या अनामतीसाठी साठवलेल्या पैशांतून." मी म्हटलं, अरे मग तिला सांग ना असं. "सांगितलं तर म्हणेल, तुला नाही जमलं म्हणून मला करू देत नाहीस." मी विचारलं, तसं आहे का? त्याने भाताचा डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "ती शिकली तर मी आजवर काय काम करत आलो ते तिला कळेल."

तो वाईट नाही. तो घाबरला आहे. असा पस्तिशी-चाळिशीचा माणूस घाबरला की त्याला जवळ घेताही येत नाही.

आता माझं मत. तू विचारलं नाहीस, तरी लपवून ठेवायचं नाही. तुझा हिशेब मी माझ्या परीने करून पाहिला आणि मला तो पटला नाही. पगार वाढेल हे तू धरलंस, पण ती जागा तुला मिळेलच हे कोणी लिहून दिलं आहे? आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दान-बी कुणाकडे राहणार? मी येऊ शकत नाही. हे दुकान मिटलं तर परत उघडणार नाही, आणि गुडघा जिने चढू देत नाही. तुझी आई आजारी आहे. इन-सोप आठाच्या आत घरी येत नाही. अडीच वर्षं तू झोपणार कधी? आणि एवढं करून त्यांनी तुला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं तर? परातीच्या कडेवर यातलं काही नव्हतं. पण दुसऱ्या बाजूला हेही दिसतं की तू आता जशी आहेस तशी आणखी वीस वर्षं राहिलीस तर तुझा आवाज कधीच चढणार नाही, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. या दोन्हींची वजाबाकी कशी करायची ते मला येत नाही. तुलाही येत नसेल. पण करायची तर ती तूच, असं मी धरून चालले होते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. डबा रिकामा करून झाल्यावर इन-सोपने मला एक काम सांगितलं. "तू तिला पत्र लिही. म्हणावं, माझी तब्येत ढासळली आहे, घरात माणूस लागेल, यंदा शिक्षण राहू दे. तुझं ती मोडणार नाही." मी म्हटलं, पण तिला प्रवेश मिळाला, फीही भरून झाली ना? तसं फोनवर तूच मला सांगितलं होतंस, इन-सोपने भरली म्हणून. त्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. बो-मी, त्याने फी भरलेली नाही. साठवलेल्या पैशांचं खातं त्याच्या नावावर, म्हणून मी भरतो म्हणाला आणि तुला भरली असं सांगितलं. मुदत निघून जाईल, विद्यापीठ नाव काढून टाकेल, मग बँकेची काहीतरी चूक झाली असं तो म्हणणार होता, आणि तोवर माझ्या पत्राने तुझं मन तयार झालेलं असणार होतं. मी त्याला "लिहिते" एवढंच म्हटलं. मी तेच पत्र लिहिणार असं समजून तो काल सोलला परत गेला. आज सकाळी मी विद्यापीठात फोन लावला. फोनवरच्या मुलीने विचारलं, "आजी, प्रवेश तुम्हालाच घ्यायचाय का?" मी म्हटलं, माझ्या सुनेला. मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत आहे, आणि तू स्वतः फोन केलास तर पैसे भरायचा खाते क्रमांक पुन्हा देतात. पैसे मी भरलेले नाहीत. माझ्याकडे तेवढे असते तरी भरले नसते, कारण मग तेही तुझ्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी केलेलं झालं असतं. तुझा पगार तुझ्या खात्यात येतो, त्यातून होईल का ते बघ, नाहीतर त्याच्यासमोर बसून माग. भांडण होईल. होऊ दे. मी मुलाचा शब्द मोडला आहे, आणि तो मला बरेच दिवस फोन करणार नाही, हे धरूनच हे पाकीट बंद करते. तू शुक्रवारी फी भर नाहीतर भरू नकोस. पण तुझ्या घरी या दोन्हींतलं काहीतरी तूच केलंस, असं झालं पाहिजे.

तुझीच,
आई